लासेल्सला दिलेले दोन खोके

माझी थोरली बहीण व्हेरोना लग्न करून लंडनला गेली, त्याच वर्षी ईस्टरच्या सोमवारी वडिलांनी आईचं नाव पणाला लावलं. साल एकोणीसशे बहात्तर.

वडील, ओबेद, आमच्या बेटावरच्या मोरांट बे गावात रेडिओ दुरुस्त करत. घरी बनवलेला, आवाज वाढवणारा ॲम्प आणि स्पीकरचे चार मोठे खोके, एवढीच त्यांची साउंड सिस्टीम. प्रत्येक खोक्यावर लाल अक्षरांत आईचं नाव होतं, आयसिल्डा. समोर तरणा लासेल्स, मायामीहून आणलेला चकचकीत ॲम्प घेऊन. किनाऱ्यावर दोघांनी आळीपाळीने गाणी लावायची, शेवटच्या फेरीला लोक ज्याच्यासाठी जास्त झाकणं बडवतील तो जिंकला, आणि हरणाऱ्याने आपल्या खोक्यांवर जिंकणाऱ्याच्या खोक्यांवरचं नाव रंगवायचं.

"माझ्या नावावर दुसरं नाव आलं तर घरात पाय ठेवायचा नाही," मासे तळता तळता आई म्हणाली. मी तिच्या शेजारी मासे साफ करत होते.

पहिल्या फेरीला लोकांनी पातेल्यांची झाकणं बडवली ती लासेल्ससाठी.

"काका, रंगाचा डबा आणलाय ना?" तो ओरडला.

"चारच खोके, पोरा? एवढ्या ॲम्पला? बैलाला वाटीभर पाणी पाजतोस होय रे?" वडील म्हणाले.

लोक खो खो हसले. लासेल्सने तडक चुलतभावाचे दोन खोके आणून शेजारी जोडले. आवाज खरंच चढला. दुसरी फेरीही त्याचीच. आईने झारा वडिलांवर रोखला.

"झकास!" वडील म्हणाले. "अजून हवेत? घे, माझे दोन ने."

"डोकं फिरलं का तुमचं?"

"आयसिल्डा, मासा करपेल."

लासेल्स खोके ओढत गेला तसे वडील माझ्या कानाशी आले. "प्रत्येक खोका म्हणजे विजेला आणखी एक दार. दारं वाढली की वीज जास्त सुटते, आवाज वाढतो. पण ती पुरवायची एकट्या ॲम्पने. त्याच्या पाठीवर लिहिलंय, विजेचा अडथळा दोन ओहमच्या खाली नेऊ नका. चार खोके म्हणजे दोन ओहम. आठ म्हणजे एक."

"मग त्याने वाचलं नाही?"

"तो पुढचे दिवेच बघतो गं."

तिसऱ्या, शेवटच्या फेरीला वाळू थरथरली. अर्धं मिनिट झालं असेल. मग वास आला.

"माझा मासा नाही हं करपला!" आई ओरडली.

लासेल्सच्या ॲम्पमधून धूर निघाला आणि त्याचं गाणं मध्येच बंद पडलं. वडिलांनी उरलेल्या दोन खोक्यांवर एक संथ गाणं लावलं. झाकणं फुटेस्तोवर वाजली.

"काका, तुमच्याच खोक्यांनी माझा ॲम्प मारला!"

"दिले मी. जोडले कोणी?"

मंगळवारी लासेल्स आपल्या चार खोक्यांवर आईचं नाव रंगवायला ब्रश घेऊन बसला. आई खुर्ची टाकून समोर. "तो 'य' सरळ काढ!" असं म्हणत तिने त्याच्याकडून तीनदा पुसून घेतलं. त्याचा ॲम्प वडिलांनीच दुरुस्त करून दिला. सोळा वर्षांनी वडिलांच्या अंत्ययात्रेला त्याने गाणी वाजवली, ती त्याच चार खोक्यांवर. आईचं नाव पुसलेलं नव्हतं.

वडील एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, मोठ्या वादळाच्या तीन आठवडे आधी वारले.