ओळ देणारा

बायबलातल्या शौल राजाला थांबायला सांगितलं होतं आणि तो थांबला नाही, इथवर पाळकसाहेब आले तेव्हा शेजारी बसलेला माझा नवरा तोर्किल मान डोलावत होता. पलिष्टी चाल करून आलेले, सैनिक पळू लागलेले आणि शमुवेल संदेष्ट्याचा पत्ता नाही. मग शमुवेलने येऊन करायचा होमबली राजाने स्वतःच अर्पण केला. हेतू वाईट नव्हता, पण आज्ञा मोडली गेली आणि राज्य दुसऱ्याच्या घरात जायचं ठरलं. पाळकसाहेब कोणाकडे बघून बोलत नव्हते, पण सगळं चर्च आमच्या बाकाकडे बघत होतं.

कारण त्याच आठवड्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींनी तोर्किलचं काम काढून घेतलं होतं. आमच्या लुईस बेटावर चर्चमध्ये पेटी वाजत नाही. व्यासपीठाखाली लोकांकडे तोंड करून बसलेला एक जण स्तोत्राची ओळ देतो आणि बाकीचे ती उचलतात. लग्न झाल्यापासून मी तोर्किलच्याच ओळीवर गात आले. हल्ली त्याचा सूर कडव्यागणिक उतरायचा, आम्ही सगळे त्याच्याबरोबर खाली घसरायचो आणि बोलायचं मात्र कोणी नाही. शेवटी वडीलमंडळी घरी आली, चहा प्याली आणि म्हणाली, आता रोरीला बसवावं. देवाची इच्छा असेल तसं, असं तोर्किल म्हणाला. मला तेव्हाच बरं वाटलं नाही. एवढ्या सहज तो कोणाला चिमूटभर मीठही देत नाही.

रोरी खाडीत मासे पाळतात तिथे कामाला. बोलताना अडखळतो, अगदी स्वतःचं नाव सांगतानाही. गायला लागला की मात्र ऐकत राहावं. फक्त पहिला शब्द निघायला त्याला जरा वेळ लागतो, हे गावातल्या मेंढरांनाही ठाऊक आहे.

प्रवचन संपलं. पाळकसाहेबांनी स्तोत्र सांगितलं. रोरीने पुस्तक उघडलं, डोळे मिटले, ओठ हलवले. आवाज आला नाही. कोणीतरी खोकलं. त्याची बायको मान खाली घालून बसली होती. मी मनात म्हणत होते, येईल, आत्ता येईल.

तेवढ्यात माझ्या कानाशीच तोर्किलचा आवाज लागला. बाकावर बसूनच त्याने ओळ दिली. लोकांना काय, सवय. सगळ्यांनी ती उचलली. मीही उचलली. रोरीने डोळे उघडले, पुस्तक मिटलं आणि स्तोत्र संपेपर्यंत तो तसाच सगळ्यांच्या समोर बसून राहिला. मला रडू आलं, पण गाणं काही मी थांबवलं नाही.

घरी आल्यावर मी शनिवारी करून ठेवलेला रस्सा गरम करून वाढला.

"तो श्वास घेत होता," मी म्हटलं.

"देवाच्या घरात सगळे ताटकळले होते, केटी. कोणीतरी उचलायलाच हवं होतं."

"शौलसुद्धा हेच म्हणाला."

त्याने चमचा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो रोरीकडे गेला, दारातच माफी मागितली, रविवारी परत बस म्हणून विनवलं. रोरीने त्याला आत घेतलं, चहा दिला.

"का-काका, तुमच्यावर राग नाही," तो म्हणाला म्हणे. "पण आता मी जरा थ-थांबलो की सगळे तुमच्याकडे बघणार."

पुढच्या रविवारी व्यासपीठाखालची खुर्ची रिकामीच होती. वडीलमंडळींनी तोर्किलकडे पाहिलं. दुसरं कोण होतं? तो उठला, पुढे जाऊन बसला आणि त्याने ओळ दिली. सूर उतरत गेला, आम्हीही उतरत गेलो. रोरी शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसला होता, आणि तोर्किलला तिथून तो समोरच दिसत होता.

घराच्या फाटकाशी तोर्किल थांबला.

"शौलाचं राज्य त्याच दिवशी नाही गेलं, केटी," तो म्हणाला. "त्यानंतरही तो गादीवर होताच. कितीतरी वर्षं."

मी त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि फाटक उघडलं. येत्या रविवारीही त्यालाच ओळ द्यायची होती.