दोन वाढवा

गेल्लाला गावच्या कुंभारांची कामाची घरं अर्धी जमिनीत, अर्धी वर. जेर्बा बेटाचं ऊन दाराशीच वहाणा काढून थांबतं आणि आत येताना मवाळ होऊन येतं. त्या मवाळ उजेडात सासी कुंभार मोठा रांजण चढवत होते. समोर त्यांची लेक दलंदा कॅमेरा डोळ्याला लावून बसली होती.

हा रांजण त्यांचा शेवटचा. वर्षभरात हात थरथरायला लागले होते. चहाचा पेला ओठांशी पोचेपर्यंत निम्मा मांडीवर सांडे. यापुढे चाक पुतण्याचं. दलंदाला ते हात फोटोत हवे होते, मातीवरचे, ठाम.

"बाबा, दिवा लावू?"

"लाव की! मग रांजणाचं पोट वाकडं झालं, तर त्यातलं तेल तूच सांभाळ."

दारातला तिरका उजेड ओल्या मातीवरून सरकतो, तेव्हाच भिंत कुठे जाड, कुठे पातळ ते सासींना कळे. दिव्यापुढे सगळी माती सारखीच लुकलुकते.

म्हणजे दिवा नाही, फ्लॅशही नाही. कॅमेऱ्याचा पडदा सावकाश उघडावा, तर थरथरते हात धुरासारखे पसरणार. मग दलंदाने कॅमेऱ्याला थाप मारली: ही फिल्म आहे त्याच्या चौपट तेज आहे असं समज. पडदा झपकन मिटू लागला. आता ती थाप फिल्म धुताना डेव्हलपरच्या रसायनात निस्तरायची, फिल्म त्यात जास्त वेळ ठेवून.

खाऱ्या पाण्यात मळलेली माती भट्टीत पांढरी होते; सासी चाकाशी तेच गुणगुणत होते:

पाणी गं समुद्राचं, माती झाली गोरी
दाराशी ऊन आलं, बस म्हणावं घटकाभरी

दुसऱ्या सकाळी बाबांना हूम्त सूक शहरातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. दलंदा ज्या स्टुडिओत काम करी, तो वाटेवरच. तिथल्या म्हाताऱ्या मालकांना सगळे आदराने 'सी' लावून हाक मारत. तिने त्यांच्या हाती रीळ दिलं, "सी महफूद, दोन वाढवा!" म्हणाली आणि पळाली.

डॉक्टर म्हणाले, कंप जाणार नाही. गोळीने थोडा कमी होईल.

बापलेक परतले, तर सी महफूद दारातच उभे. चिमटीत बोटभर फिल्म, पुसट, जवळजवळ काचच.

"लेन्सची टोपी काढली होतीस ना गं?"

दलंदाने फिल्म उजेडाकडे धरली. "किती वेळ ठेवलीत?"

"तू सांगितलंस तितकाच. नेहमीचा, वर दोन मिनिटं."

"मिनिटं नाही हो! पायऱ्या! दोन पायऱ्या! एका पायरीला तेज दुप्पट, दोन म्हणजे चौपट!"

"मग तसं बोलावं माणसाने. मी जन्मभर लग्नाच्या मांडवातले फोटो धुतले. तिथे उजेड उतू जातो. मला काय ठाऊक तुझ्या पायऱ्या?"

ती उंबऱ्यावरच बसली. "सगळी गेली?"

"जाते कशी? कालवणाची चव घेतल्याशिवाय कुणी पाहुण्यांना वाढतं का? अंधारात टोकाचा तुकडा कापला, तेवढाच बुडवला. बाकीची डब्यात कोरडी आहे."

दलंदा उठली आणि तिने त्यांच्या टकलावर ओठ टेकले.

"पुरे, पुरे! औषधांचा वास येतोय त्याला."

तुकड्यात पहिला फोटो गेला होता. त्यात बाबा तिला हाकलत होते. तो गेला तर गेला.

तिने अंधाऱ्या खोलीत फिल्म टाकीत भरली, झाकण लावलं, बाहेर येऊन डेव्हलपर ओतला. सासी बघत होते. "एवढा वेळ?"

"उजेड कमी मिळालाय, बाबा. आच जास्त वेळ द्यायची."

"हां," सासी म्हणाले. भट्टीची गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागत नसे.

"टाकी मधूनमधून हलवायची असते," सी महफूद म्हणाले. "सासी, घे बघू. तुझ्या हातांना आयतं काम."

दलंदाने सी महफूदांकडे डोळे वटारले. पण बाबा हसले, डोळ्यांत पाणी येईतो हसले. "आण इकडे! डॉक्टरला जमलं नाही, तू बरोबर कामाला लावलंस."

आणि त्यांनी टाकी दोन्ही हातांत धरली. सी महफूद मान हलवतील तेव्हा ती उलटी करत, सुलटी करत, लेकराला खेळवावं तशी.

संध्याकाळी कागदावर चित्र उमटलं. वाळूसारखे दाणे सगळीकडे, कोपरे काळोखात बुडालेले. मधोमध रांजणाचं ओलं पोट आणि त्यावर दहा बोटं. एकही हललेलं नव्हतं. नखातली मातीसुद्धा मोजून घ्यावी.

सासींनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. मग देवाचे आभार मानताना करतात तसा त्यांनी आपलाच उजवा हात ओठांशी नेला. आधी त्याची पाठ चुंबली, मग तळवा. वाटेत तो हात एवढा थरथरला की दलंदा आधार द्यायला पुढे झाली, पण बाबांनी मानेनेच नको म्हटलं.