मी बुजलो नव्हतो

मी एक म्हातारे खेचर आहे. वडील गाढव, आई घोडी. त्यामुळे दोन्हीकडचे नातेवाईक मला आपले म्हणत नाहीत. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर "अय्या, केवढं मोठं गाढव!" असे म्हणाल. खुशाल म्हणा. माझे दुःख वेगळेच आहे. माझ्याबद्दलचे एक खोटे रजिस्टरात लिहिले गेले आहे, आणि ते खोडायला कोणी तयार नाही.

आमच्या डोंगरावरचे रान राखीव आहे. तिथे इंजिन न्यायचे नाही, रस्ता काढायचा नाही, वाटेवर पडलेले झाडसुद्धा हातकरवतीनेच कापायचे, असा कडक नियम. पण वरच्या चौकीतल्या सहा रखवालदारांना भूक लागू नये असा नियम अजून कोणी केलेला नाही. म्हणून पीठ, रॉकेल, खिळे, रेडिओच्या बॅटऱ्या आणि एका रखवालदाराची बायको दर खेपेला पाठवी तो मफलर (त्याच्याकडे नऊ जमले होते) हे सारे वर न्यायला आम्ही खेचरे. चौदा वर्षे मी ती वाट चढलो.

मला घडवले ते काकांनी. काका म्हणजे आमचे खेचरवाले. कोवळ्या वयात मी मोठा लबाड होतो. खोगिराचा तंग आवळताना पोट फुगवून ठेवायचो, म्हणजे नंतर पट्टा सैल राहतो. काका हात बांधून शेजारी उभे राहत. "फुगव बाबा, फुगव. मला कुठं घाई आहे?" शेवटी श्वास सोडावाच लागे, आणि तेवढ्यात ते पट्टा ओढत.

त्यांनीच मला शिकवले, की पाठीवरचा भार घसरला तर जागच्या जागी थांबायचे. माणूस येऊन तो सारखा करीपर्यंत एक पाऊल टाकायचे नाही. त्यांचा स्वतःचाही एक नेम होता. दोन्ही बाजूंची ओझी टांगत्या काट्याला लावून तोलल्याशिवाय ते माझ्या पाठीवर चढवत नसत. एक बाजू हलकी भरली, तर तीत दगड टाकत. "आमचे पंत दगडाचंसुद्धा वाईट वाटून घेत नाहीत," असे चौकीत सांगत. पंत म्हणजे मी.

काकांच्या निवृत्तीला एक महिना उरला होता. साहेबांनी त्यांचे मानपत्र आधीच तयार करून ठेवले होते: 'तीस वर्षांत एकदाही भार पडला नाही.' काका काही ना काही निमित्त काढून कचेरीत जात आणि ते वाचून येत. माझ्या हिशेबाने पाच वेळा.

त्या सकाळी काटा सापडेना. आमच्यामागून ताई येणार होत्या. ताई वाट दुरुस्तीचे काम करत. ती नोकरी त्यांना काकांनीच लावून दिली होती.

"काका, काटा कुठंय?"

"अगं, तीस वर्षं झाली. आता माझा हातच काटा."

"मग विचारा की हाताला, किती किलो म्हणतोय!" ताई हसल्या.

काकांनी डावीकडे बॅटऱ्यांची पेटी बांधली, उजवीकडे पिठाच्या दोन पिशव्या. पहिल्या चढालाच मला डावी बाजू जड लागली. मी अंग सावरत चाललो. पण कड्यालगतच्या अरुंद वळणावर खोगीर सरकले. मी थांबलो, शिकवल्याप्रमाणे.

"चल ना रे!" काकांनी पुढून दोरी ओढली.

मागून ताई ओरडल्या, "काका, डावीकडं घसरलंय! येऊन बघा!"

काकांचे कान लाल झाले. "माझं ओझं घसरत नसतं!" म्हणत त्यांनी दोरीचे टोक माझ्या मानेवर हाणले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी पाऊल टाकले. पेटी सुटली आणि दरीत गेली. चौकीचा रेडिओ आठ दिवस मुका राहिला.

चौकशी कचेरीच्या अंगणात झाली. मी खांबाला बांधलेला होतो.

"भार तोलला होतात?" साहेबांनी विचारले.

"तोलला होता की, साहेब. खेचर बुजलं. म्हातारं झालंय, त्याचा काही भरवसा नाही."

"ताई, तुम्ही मागेच होतात ना?"

ताई खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागल्या. ती आधीच बांधलेली होती. "काका म्हणतात तसंच असेल, साहेब," त्या म्हणाल्या.

कारकुनाने रजिस्टरात लिहिले: 'बुजरे. डोंगरवाटेस अयोग्य.' काकांना मानपत्र मिळाले. 'एकदाही'च्या पुढे बारीक अक्षरात 'स्वतःच्या चुकीने' एवढे शब्द घालावे लागले. मला वीटभट्टीवर पाठवायचे ठरले.

निघायच्या सकाळी काका आले. हातात गाजर होते. इकडेतिकडे कोणी नाही असे पाहून त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि कानात म्हणाले, "चुकलो रे पंत. मीच तोललं नव्हतं. एकच महिना राहिला होता माझा."

गाजर मी खाल्ले. भूक होती, आणि गाजराने माझे काही वाकडे केले नव्हते.

आता मी विटा वाहतो. इथे ओझे कोणी तोलत नाही. जेवढ्या मावतील तेवढ्या भरतात. मित्रांनो, तुमच्याकडे मुके जनावर असेल, तर त्याला चारापाणी द्या, ओझे बेताचे लादा, हे तर आहेच. पण त्याच्यावर आळ आला आणि खरे तुम्हाला ठाऊक असेल, तर ते चारचौघांत सांगा. काकांनीही खरे सांगितले. पण ज्याला ते आधीच ठाऊक होते आणि ज्याला ते कोणाला सांगता येणार नव्हते, त्याच्याच कानात.