पंगतीतून उठवलेली प्रतिक्रिया

‘या ब्लॉगवर विचारस्वातंत्र्य अमर राहील. एकही प्रतिक्रिया पुसली जाणार नाही!’ अशी घोषणा तलावांच्या मुलखातल्या गोरेगावच्या केवलरामजींनी २००९ साली आपल्या ‘तलावकाठ’ ब्लॉगच्या माथ्यावर ठोकली. तहसीलचे निवृत्त कारकून. जन्मभर दुसऱ्यांच्या घोषणा टंकल्या, आता स्वतःची. वर्षभर त्या स्वातंत्र्याच्या केसालाही धक्का लागला नाही, कारण प्रतिक्रियाच आली नाही.

मग आली. लेख होता केवलरामजींच्या आज्यानं एकट्याच्या हिमतीवर बांधलेल्या तलावाचा. खाली कुणी ‘अनामिक’ म्हणत होता: ‘तुमचा आजा तलावाच्या पाळीवर झोपे. माती माह्या आज्यानं टाकली.’

केवलरामजींनी आधी चष्मा पुसला, मग प्रतिक्रिया. हातातला चहा निवण्याआधी स्वातंत्र्य वारलं.

बाजाराच्या दिवशी दारात मोटरसायकल थांबली. कामठ्याचे खेमराजजी, लेक रविताचे होणारे सासरे, म्हणजे ईवाई! साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारवर आलेलं.

‘या जी ईवाई, बसा.’

‘बसाले नाई आलो. मले पंगतीतून काऊन उठवलं?’

‘पंगत? अजून मांडव नाई पडला जी!’

‘तुमच्या ब्लॉगवरून! नाव टाकता नाई आलं, पन लिवलो मीच. चार मानसं दाखवाले नेली, तं जागा साफ! भरल्या पानावरून उठवलं. आता कायचं साक्षगंध?’

अनामिक म्हणजे हे? आत भांडं पडलं आणि मागोमाग केवलरामजींची बायको मुन्नीबाई बाहेर आली.

‘आजा कवाच गेला जी. पोरगी जिती हाये.’

केवलरामजी मुकाट संगणकापुढे बसले. पुसलेलं परत येईना, तेव्हा खेमराजजी सांगत गेले आणि ते टंकत गेले. भिंतीवरच्या तसबिरीतून आजा बघत होता.

‘“झोपे”च्या जागी “आराम करे” चालन का?’

‘नाई.’

आजा झोपला. प्रतिक्रिया झळकली. खेमराजजींनी ती ओठ हलवत दोनदा वाचली. केवलरामजींनी जीव मुठीत धरून विचारलं, ‘मंग... रविवारी?’

‘येतो ना जी.’ खेमराजजींनी खुर्ची पुढं ओढली, मुन्नीबाईकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

‘पन ईवाई, बाजूले माहा फोटो लावता येते का? फेट्यातला हाये माह्याजवळ.’