बर्वेसाहेबांकडचं हमिंग

रुकसाना शेखच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती, म्हणून आमोद बर्व्यांचा मेसेज तिने दोनदा वाचला. ‘हमिंग येत आहे. असह्य. आपण येऊन ऐकावे.’ पुढे नमस्कार नाही, नाव नाही. सदाशिव पेठेतल्या, त्यातून बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या मानाने हे पत्र तसं लांबलचकच होतं.

रुकसानाने हडपसरच्या एका कारखान्यात अठरा वर्षं ट्रान्सफॉर्मरवर तार गुंडाळली होती. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला तेव्हा तिने तिथलं हाताने फिरवायचं जुनं मशीन मागून घेतलं आणि बिबवेवाडीतल्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत बसवलं. सुरुवातीला स्टॅबिलायझरची किरकोळ कामं यायची. मग काचेच्या जुन्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर घरी बांधणाऱ्या हौशी मंडळींपैकी एकाला तिचा पत्ता लागला, आणि एकाचे सात झाले; बर्वे त्यांतलेच. ही माणसं गाण्याइतकीच गाण्यामधली शांतता ऐकणारी. बाजारातला तयार ट्रान्सफॉर्मर त्यांना पसंत पडायचा नाही. तो त्या शांततेत घूं करतो म्हणत.

रुकसानाला हे काम आवडायचं. तांब्याची तार बोटांच्या चिमटीतून सरकत जाते, एका थरावर कागद बसतो, त्यावर दुसरा थर. मधे कुणी बोललं की वेढ्यांची मोजणी चुकते, म्हणून दुपारी तिच्याशी कुणी बोलत नसे. तिचा नवरा खालिद जेवायला घरी यायचा, पण तोही फक्त खुणा करायचा.

तयार झालेला ट्रान्सफॉर्मर ती थेट लाइनवर कधीच लावत नसे. मधे शंभर वॉटचा एक बल्ब जोडायची. आत कुठे वेढ्याला वेढा चिकटला असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि तसाच राहतो. सगळं ठीक असेल तर जरासा लाल होऊन विझतो. बल्ब विझला की तिला दरवेळी बरं वाटायचं. नंतर आठ तास लोडवर, म्हणजे पूर्ण भार देऊन चालू ठेवायचा आणि तासातासाला हात लावून बघायचं, किती तापतोय ते.

“बर्व्यांचा तर नऊ तास ठेवला होता,” ती खालिदला म्हणाली.

“मग त्यांच्या कानात हमिंग असेल,” खालिद म्हणाला, पण त्याने स्कूटरची किल्ली घेतली.

बर्व्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. दार त्यांच्या बायकोने, रुपालीताईंनी उघडलं. “या. तीन आठवडे झाले, घरात गाणं नाही, फक्त तक्रार लागलेली असते,” त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

बर्वेसाहेब खुर्चीतून उठले नाहीत. समोर नवंकोरं सागवानी कपाट होतं. त्यात एका कप्प्यात रुकसानाचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला अँप्लिफायर आणि त्याला खेटून रेकॉर्ड प्लेअर. “ऐका,” ते म्हणाले आणि आवाज वाढवला. रेकॉर्ड लावलेलीच नव्हती, तरी दोन्ही स्पीकरमधून जाडसर घूं यायला लागलं.

“शेखबाई, मी आपल्या कामाबद्दल चार लोकांना सांगितलंय. आता त्यांना तोंड दाखवायचं कसं, ते आपणच सांगा.”

रुकसानाने आवाज शून्यावर आणला. घूं गेलं. पुन्हा वाढवला, आलं. ट्रान्सफॉर्मरच्या पुरवठ्यातच दोष असता तर शून्यावरही ते राहिलं असतं. म्हणजे ते बाहेरून आत शिरत होतं.

“हे कपाट कधी आलं?”

“गेल्या महिन्यात. कपाटाचा काय संबंध?”

“आधी प्लेअर कुठे होता?”

“खिडकीपाशी,” रुपालीताई पाणी ठेवत म्हणाल्या. “तेव्हा वाजायचं छान.”

रुकसानाने प्लेअरचा दांडा हळूच उचलला आणि सुईकडचं टोक अँप्लिफायरच्या दिशेला नेलं. घूं वाढलं. उलट बाजूला नेलं, कमी झालं. तिने हे तीनदा केलं, सावकाश, बर्व्यांना नीट दिसेल असं.

“ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकी ओढ असते, साहेब. कुठल्याही असते. सुईच्या मागे बारीक गुंडाळी आहे, ती ही ओढ पकडते. तुम्ही दोघांना एका घरात कोंडलंत.”

खालिदने प्लेअर उचलून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. वायर जेमतेम पुरली. बर्व्यांनी एक रेकॉर्ड काढली, कुडत्याच्या टोकाने नव्हे, खास ब्रशने पुसली, आणि सुई टेकवली. भीमपलासाचा आलाप सुरू झाला. गवयाने श्वास घेतलेलाही ऐकू आला. बर्व्यांनी डोळे मिटले.

खालिदने रुकसानाकडे बघून भुवया उडवल्या. चला, निघू या. पण ती अँप्लिफायरजवळच उभी होती. रेकॉर्डची बाजू संपली तेव्हा तिने ट्रान्सफॉर्मरच्या टोपणावर तळहात टेकवला. अगदी बारीक थरथर होती. कान जवळ नेला तर झिं असा आवाज. खुर्चीपर्यंत तो पोचत नव्हता. दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हता.

तिला लगेच आठवलं. हा ट्रान्सफॉर्मर केला त्या आठवड्यात भाचीचा साखरपुडा होता. आतल्या लोखंडी पत्र्यांची चळत वाजू नये म्हणून तिला दोनदा वार्निश द्यायचं, मधे एकदा बोल्ट आवळायचे. तिने एकदाच बुडवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मिठाई आणायला गेली होती. नऊ तासांची चाचणी केली, पण ती स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांत.

क्षणभर तिच्या मनात आलं, राहू दे. बर्वेसाहेब खूश होते. शेजारी रुपालीताई चहा घ्या म्हणत होत्या.

“साहेब, हा घेऊन जाते,” ती म्हणाली. “आतले पत्रे किंचित वाजतायत. ही चूक माझी आहे.”

बर्व्यांनी डोळे उघडले. “मला तर काही ऐकू येत नाही.”

“मला येतंय.”

ते उठले, वाकले, कान लावला, बराच वेळ तसेच राहिले. “आहे खरं,” ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत, “कपाटाचं आपण आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.”

“कपाट मला विचारून केलं नव्हतंत,” रुकसाना म्हणाली. रुपालीताई हसल्या आणि त्यांनी बशीत आणखी दोन चकल्या ठेवल्या.

अँप्लिफायर बंद करून, आत साठलेली वीज उतरेपर्यंत थांबून, चहा संपवून तिने ट्रान्सफॉर्मर सोडवला. परतताना स्वारगेटच्या सिग्नलला खालिद म्हणाला, “बोलली नसतीस तरी चाललं असतं.”

“त्यांना चाललं असतं,” ती म्हणाली.

पुढचे चार दिवस तिने दुसरं काही हाती घेतलं नाही. बोल्ट आवळले, वार्निशमध्ये बुडवला, ओव्हनमध्ये वाळवला, पुन्हा बोल्ट आवळले, पुन्हा बुडवून वाळवला. बल्ब लाल होऊन विझला. मग घरातला पंखा, फ्रीज, मिक्सर सगळं बंद करून तिने जमिनीवर बसून ऐकलं. खालची पोरं क्रिकेट खेळत होती, एवढंच.

रविवारी बर्व्यांकडे जाऊन तिने तो बसवला. सोमवारी त्यांचा मेसेज आला. ‘हमिंग नाही. आता भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.’

रुकसानाने लिहिलं, ‘घड्याळं मी करत नाही.’

दोन मिनिटांनी त्याच नंबरवरून उत्तर आलं. ‘सेल काढून ठेवला आहे. चकल्या आवडल्या का? रुपाली.’