कुंपणाची टकटक

अरे, यशोधराचं कळलं का तुम्हाला? आपली आंबीच्या कंपनीत क्वालिटीला आहे ना, हॅम रेडिओचं लायसन्स काढलेली, तीच. रविवारी सकाळी एकटीच मळवलीला उतरली. पाठीवर सॅक, सॅकमध्ये डब्याएवढा रेडिओ, बॅटरी, वायरचं भेंडोळं, आणि निघाली वरच्या राखीव जंगलाकडं.

आता तिला तिथं काय करायचं होतं ते ऐका. या रेडिओवाल्यांचा एक खेळ असतो. जंगलात जायचं, झाडाला वायर टांगायची आणि नुसत्या बॅटरीवर, फोन नाही नेट नाही, हवेतून दहा जणांशी बोलायचं. दहा झाले की ती जागा चालू केल्याचा मान तुमचा. ही मळवलीची जागा अजून कुणीच चालू केली नव्हती. तिच्या रेडिओ क्लबातले दोघं जण मागच्या महिन्यात येऊन हात हलवत परत गेले, वर म्हणाले तिथं डोंगर आडवा येतो. झालं, ते हिच्या डोक्यात बसलं. येतोच कसा आडवा बघू, म्हणाली.

वनरक्षकाला आधीच विचारून ठेवलं होतं. जंगलाच्या कडेला, भातखाचरांना लागून एक जांभूळ होतं. सुतळीला दगड बांधून फेकला, दोनदा डोक्यावरच येता येता राहिला, मग एकदाची वायर फांदीवरून गेली. हेडफोन कानाला लावला, आणि आत नुसतं टक. टक. टक. त्या आवाजाखाली कुठंतरी माणसं बोलत होती, पण प्रत्येक शब्दावर टक. हिनं हाक दिली, कुणीतरी उत्तरही दिलं, पण त्याची निम्मी अक्षरं त्या टकटकीनं खाल्ली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मोजणी कुनाच्या बाजूनं हाय?"

खाचराच्या बांधावर एक बाई, हातात विळा. शालन मावशी, भात तिचंच. आता मावळात बांधावर अनोळखी माणूस वायर घेऊन उभा म्हटल्यावर जमीन मोजायला आलाय, दुसरं काय वाटणार कुणाला? यशोधरानं सगळं समजावलं. मावशीला फारसं पटलं नाही, पण ती तिथंच बसली, लक्ष ठेवायला.

मग हिची नजर खाचराभोवतीच्या तारेवर गेली. झटका मशीन! डुकरांसाठी लावतात ते. तारेत क्षणाक्षणाला झटका सोडतं, आणि तोच कानात वाजतोय. हिनं अर्धा तास मशीन बंद ठेवायची विनंती केली. मावशी सरळ नाही म्हणाली. दिवसा मोकाट गुरं, रात्री डुकरं, बंद करायचं तर तूच बस राखणीला. आणि मग तिचीच गाडी सुटली, की मशीन चालू असूनही वरच्या कोपऱ्यातून डुकरं येतातच, लोंब्या भरल्यात आणि रोज एक खाचर लोळवतात, मशीन विकणाऱ्या त्या दुकानदारानं चक्क फसवलं.

यशोधरा थबकली. नीट कुंपण एवढं ओरडत नाही, हे तिनं क्लबात ऐकलं होतं. कुठंतरी झटका गळतोय. पण शोधत बसायचं तर ऊन वर चढणार, आणि ऊन चढलं की लांबचे आवाज बुडतात. मग दहा कुठले?

तरी उठली. लांब वायर काढली, वीतभर लावली, म्हणजे अगदी जवळचंच ऐकू येईल, हेडफोन उपसून रेडिओ मोठ्यानं चालू केला आणि निघाली तारेच्या कडेकडेनं. मागून मावशी. टक, टक, जरा मोठं, अजून मोठं, आणि वरच्या कोपऱ्यात लोखंडी खांबापाशी अक्षरशः फट फट. खांबावर तार एका चिंधीनं बांधली होती. चिंधी ओली, काळी पडलेली.

मावशीनं ती निरखून बघितली. "माजीच साडी की ही."

तार धरणारा प्लास्टिकचा खुंटा फुटला म्हणून तिनंच काठ फाडून बांधला होता. बांधला तेव्हा कोरडा होता. पावसात भिजला आणि सगळा झटका खांबातून जमिनीत. मावशी खळखळून हसली. "अन् मी त्या दुकानदाराला शिव्या घालतीया."

मशीन बंद करून चिंधी सोडली, जुन्या पाण्याच्या नळीचा तुकडा तारेवर चढवला, पुन्हा चालू केलं. जांभळाखाली येऊन ऐकतात तर टकटक एवढीशी, लांब कुणी सुपारी फोडावी तशी.

मग काय! कोइंबतूर, हुबळी, हैदराबाद, एकामागून एक. नऊ झाले आणि सगळं गप्प. ऊन चढलं होतं. यशोधरा हाका देत राहिली, नुसती खरखर. ती बॅटरीकडं बघायला लागली, तशी मावशी म्हणाली, "अजून एक हाक मार, एवढं आलीयास तर."

आणि बेळगावचे एक काका आले, अगदी बारीक आवाजात, पण मराठीत. दहा. मावशीनं तिला कोपरानं ढोसलं, आपल्यालाही बोलायचं म्हणाली. तुमच्याकडं लायसन्स नाही, म्हणून हिनं थांबवलं.

"मग तूच इचार, तिकडं पाऊस उगाडला का?"

हिनं विचारलं. उघडला म्हणाले, परवापासून कडक ऊन आहे.

मावशी उठली, पदर झटकला. यशोधरा वायर गुंडाळायला लागली, तर म्हणते कशी, "ऱ्हाऊ दे गं ते. वड्याकडची बाजू ऐकायची ऱ्हायलीया."

मग दोघी पुन्हा तारेच्या कडेनं चालत गेल्या, पुढं रेडिओ, मागं विळा. पार ओढ्यापर्यंत कुठंच ते फट फट नाही, आणि दोघी जाम खूश.