प्रतिसाद मिळाला नाही

मी एक दोन तोंडांची पेन्सिल बोलतेय. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. ऑफिसातले लोक मला दुतोंडी म्हणतात आणि आपणच काहीतरी मोठा विनोद केल्यासारखे हसतात. हसोत बापडे. त्या ऑफिसात एकाच तोंडानं बोलणारं माणूस मी एकच पाहिलं, आमच्या बाई.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाच्या पट्टीत खाच पाडली, तिच्यात अर्धी लाल आणि अर्धी निळी कांडी बसवली, वरून दुसरी पट्टी चिकटवली आणि चिरून मला वेगळी काढली. आम्ही बारा बहिणी एका खोक्यात बसून सरकारी ऑफिसात आलो. तिथे सहा महिने कपाटात कुलूपबंद होतो, कारण मागणीच्या अर्जावर एक सही कमी होती. ती सही झाली तेव्हा शिपाईमामांनी मला बाईंच्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "जपून वापरा बरं का. पुढची तुमच्या निवृत्तीलाच मिळायची."

बाईंचं काम काय, ते आधी सांगते. सरकारचं मोठं कंत्राट ज्या कंपनीला मिळतं, तिनं त्यातला ठरलेला वाटा छोट्या कारखान्यांना द्यायचा, असा नियम आहे. कुणाला किती काम दिलं, हे दर सहा महिन्यांनी अहवालात लिहून कळवायचं. देता आलं नसेल तर देण्याचा प्रामाणिक प्रयत्न कसा केला, ते पुराव्यासकट लिहायचं. हे अहवाल तपासायला ऑफिसात चार माणसं होती. अहवाल पटला तर निळी खूण, नाही पटला तर लाल गोल.

बाकीचे तिघे अहवालाचं शेवटचं पान उघडत, वाटा भरलाय एवढं बघत आणि निळी खूण करून मोकळे होत. बाई मात्र पहिल्या ओळीपासून वाचत. यादीतल्या एकेका छोट्या कारखान्याला फोन लावून विचारत, "तुम्हाला हे काम खरंच मिळालं का हो?" शेजारच्या टेबलावरच्या अण्णांना हे ऐकून ऐकून कंटाळा यायचा.

"बाई, तुम्ही अहवाल तपासता की सोयरीक जमवता?" ते म्हणायचे. "एवढी चौकशी तर मी माझ्या जावयाचीही केली नव्हती."

"म्हणूनच सासरेबुवा, तुमची लेक माहेरी असते," बाई मान वर न करता म्हणायच्या. अण्णाच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

फोन करताना बाई मला अंबाड्यात खोचून ठेवत. दोन वर्षं मी तिथूनच जग पाहिलं. पेन्सिलीच्या वाट्याला एवढं उंच आसन सहसा येत नाही, तेव्हा मी थोडी चढून गेले होते हे कबूल करते.

मग खाटांचा अहवाल आला. सरकारी दवाखान्यांसाठी दोन हजार लोखंडी खाटा बनवायचं कंत्राट एका मोठ्या कंपनीला मिळालं होतं. त्यातल्या तीनशे खाटा एका लहानशा वेल्डिंगच्या कारखान्याकडून करून घेऊ, असं कंपनीनं कंत्राट मागतानाच लिहून दिलं होतं. आता अहवालात त्या कारखान्यापुढे लिहिलं होतं: 'चौकशीपत्र पाठवले. प्रतिसाद मिळाला नाही.'

बाईंनी मागची पानं चाळली. पत्र पाठवलं शनिवारी संध्याकाळी. उत्तराची मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत. त्यात आराखडे हवेत, नमुना हवा. बाईंनी मला अंबाड्यातून काढलं आणि त्या मुदतीभोवती असा गोल काढला की माझं लाल टोक कडकन मोडलं. दुसऱ्या दिवशी मला नवं टोक काढून त्या स्वतःच कारखान्यात गेल्या.

एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड होती. आत पाच कामगार रिकामे बसले होते. वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सरकवून एक धिप्पाड बाई पुढे आल्या. त्यांना सगळे वहिनी म्हणत. दाराशी त्यांचे यजमान बसले होते, ते दादा. वेल्डिंगच्या उजेडानं त्यांचे डोळे गेले, तेव्हापासून कारखाना वहिनींनीच अंगावर घेतला होता. दादा बोटांनी चाचपून बोल्ट वेगळे करत होते, लहान इकडे, मोठे तिकडे.

"पत्र आलं होतं का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"आलं की! सोमवारी सकाळी फोडलं, दुपारी मुदत संपली. तेवढ्या वेळात आमच्या पोरांचा चहासुद्धा होत नाही." वहिनींनी स्टूल पुढे केलं. "कंत्राट मिळायच्या आधी त्यांचा माणूस दिवसाआड यायचा. वहिनी, वहिनी करत जिभेला साखर लावून बोलायचा. शेडचे फोटो काढून नेले. काम तुमचंच धरा, म्हणाला. त्या भरवशावर मी दोन कामं सोडली. आमचं नाव दाखवून कंत्राट पदरात पाडून घेतलं आणि आता फोन उचलत नाही."

"हे लिहून द्याल?"

वहिनी काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "नको गं. मोठी माणसं आहेत ती. तोंडी सांगितलंस तेवढं पुरे."

"तोंडी आमच्याकडे टिकत नाही, दादा," बाई म्हणाल्या. "पुरावा जोडला नाही तर माझी हरकत पहिल्याच टेबलावर पडते. कागद असला तर त्यांना तीनशे खाटांचं काम द्यावंच लागेल. मी जातीनं बघेन."

वहिनींनी त्या पाच रिकाम्या माणसांकडे पाहिलं. "हे असंच चाललं तर दिवाळखोर... नको, तो शब्द नको. दोन महिन्यांत शटर ओढावं लागेल मला. लिहा तुम्ही. करते सही."

बाईंनी पेननं मजकूर लिहिला. सही कुठे करायची ते कळावं म्हणून खाली लाल फुली मारली, ती मी. वहिनींनी हात पुसले आणि फुलीच्या शेजारी आपलं पूर्ण नाव घातलं, खाली पत्ताही लिहिला. मला तेव्हा फार अभिमान वाटला. आजवर मी चुका दाखवल्या होत्या, आज एक कारखाना वाचवणार होते.

हरकत तयार झाली. तिला बाईंनी वहिनींचा कागद जोडला आणि नियमाप्रमाणे सगळ्या कागदांची प्रत कंपनीला गेली. ज्याच्यावर हरकत, त्याला पुरावा बघण्याचा हक्क असतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

चार दिवसांनी अण्णांनी डबा खाता खाता सहज विचारलं, "बाई, त्या वहिनींचं नाव झाकूनच पाठवलीत ना प्रत?"

"नाव झाकलं तर पुरावा कसला राहिला तो?" बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण हातातला घास तसाच राहिला. त्यांनी डबा झाकला आणि त्या दिवशी पुढे एकही अहवाल वाचला नाही.

आठवड्याभरात कंपनीचा तो जिभेवर साखर ठेवणारा माणूस ऑफिसात हजर झाला. "मॅडम, आमच्याकडून नजरचूक झाली. वहिनींना कालच बारा खाटांचं काम दिलंय. बाकीचंही देऊ." जाताना त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, शिपाईमामांनासुद्धा.

बारा खाटा झाल्या आणि बाराच्या बारा परत आल्या. 'जोड कच्चे आहेत,' असा कंपनीचा शेरा होता. बाईंनी फोन लावला. मी अंबाड्यात होते, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"एकेका खाटेवर आम्ही चार-चार माणसं उभी करून बघितली, बाई," वहिनी सांगत होत्या. "हलली नाही. त्याचं काही नाही. पण मधल्या काळात दुसऱ्या दोन ठिकाणची किरकोळ कामं मिळाली होती, तीही काढून घेतली. कारण विचारलं तर म्हणतात, तुम्ही सरकारात तक्रारी करता म्हणे."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव मी..."

"तुम्ही काय करणार? तुम्ही तर आमच्यासाठीच केलंत." हे ऐकून बाईंना रडू आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्या नंतर अण्णांना म्हणाल्या.

मग बाईंनी हातपाय मारायचे तेवढे मारले. साहेबांकडे टिपण ठेवलं. साहेब म्हणाले, "खाटेचा जोड पक्का की कच्चा, हा आपला विषय नाही. आपला विषय अहवाल. त्यांनी काम दिलं, अहवालात लिहिलं, संपलं." बाईंनी लाल गोल काढला. साहेबांनी तो पेननं खोडला आणि खाली सही केली. खाटा तपासणाऱ्या ऑफिसातही बाई तीनदा जाऊन आल्या. तिथे त्यांना अर्ज करा म्हणाले. अर्ज केला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

पुढचा सहामाही अहवाल आला. बाईंनी तो उभ्यानंच उघडला. वहिनींच्या कारखान्यापुढे लिहिलं होतं: 'उर्वरित खाटांसाठी चौकशीपत्र पाठवले. मुदत तीस दिवस. प्रतिसाद मिळाला नाही.' सोबत पाकीट जोडलं होतं, न फोडलेलं. त्यावर पोस्टमननं लिहिलं होतं, 'कारखाना बंद. मालक गाव सोडून गेले.'

बाईंनी अहवाल तीनदा वाचला. तारखा बरोबर होत्या. मुदत भरपूर होती. आराखडे जोडलेले होते. त्यांनी तरीही फोन लावला आणि घंटा वाजू दिली. कुणी उचलला नाही.

अण्णा उठून जवळ आले. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. "यात बोट ठेवायला जागा नाही, बाई," ते हळू म्हणाले. "एकन् एक शब्द खरा आहे."

"हो ना," बाई म्हणाल्या. "तेच तर."

त्यांनी मला अंबाड्यातून काढलं, उलटी केली आणि निळी खूण केली. माझ्यात नाही म्हणायची ताकद असती तर मी तेव्हा म्हटलं असतं. पण पेन्सिलीला कोण विचारतं?

त्यानंतर बाईंनी मला अंबाड्यात खोचलं नाही. त्या आता कुणाला फोन करत नाहीत. अण्णांनी दोन-तीनदा मुद्दाम डिवचून पाहिलं, त्यांनी फक्त पुढचा अहवाल ओढून शेवटचं पान उघडलं. निवृत्तीला सात महिने राहिलेत. मी खणात पडून आहे, टाचण्या आणि वाळलेल्या गोंदाच्या बाटलीशेजारी. अजून चार बोटं उरलेय. बाईंच्या जागी येणारं माणूस मला बाहेर काढेल किंवा केरात टाकेल. मला त्याचं काही वाटत नाही.

वहिनी, तुम्ही कुठे आहात, ते आमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नाही. त्या पाच जणांना कुठे काम लागलं का, तेही नाही. मी तुमची माफी मागते, बाईंच्या वतीनं आणि माझ्याही. तुम्ही लिहून दिलंत ते खरं होतं, आम्ही चांगल्या मनानं मागितलं तेही खरं. पण तिथे एक माणूस नको म्हणत होता. डोळे गेलेला तो एकटा माणूस पुढचं बघत होता, आणि आम्ही त्याला थांबवून सही कुठे करायची ते दाखवत बसलो.